गुपितांचा कान

आहेरबाईंच्या हाताचा पहिला आवाज मी ऐकला तो एका बापाच्या गालावर.

देवळाली कॅम्पातल्या त्या बालवर्गात माझा नोकरीचा पहिलाच दिवस होता. वऱ्हांड्यात पालक पोरांना मांडीवर घेऊन बसले होते आणि आतल्या खोलीत बाई एकेकाला बोलावून घेत होत्या. कैलास नावाचा एक आडदांड गृहस्थ आला. भाजीचा टेम्पो चालवायचा. त्याने आपल्या इवल्याशा पोराला टेबलापुढे उभं केलं आणि म्हणाला, "बोल रे सार्थक, ए फॉर?" पोराने बाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं. "काल तर पटापट म्हनत व्हता मॅडम, आज नाटकं करतोय," असं म्हणत कैलासने त्याच्या कानाखाली एक ठेवून दिली. पोर कोलमडून भिंतीवर आपटलं. ते रडायच्या आत दुसरा आवाज झाला. बाई टेबलावरून तशाच पुढे झुकल्या होत्या आणि कैलासच्या गालावर त्यांची बोटं उमटली होती.

"कसा आवाज आला?" बाईंनी विचारलं.

कैलासने गालावर हात ठेवला.

"आवाज कसा आला म्हणते मी. कानात आता काय वाजतंय?"

"शिट्टी," तो कसाबसा म्हणाला.

"ती बराच वेळ वाजणार. तोवर मी तुम्हाला काहीही शिकवलं तरी आत शिट्टीच जाणार. पोराचंही तेच झालंय. आता तुम्ही त्याला ए म्हणा, झेड म्हणा, नाहीतर रामरक्षा म्हणा. बसा. पाणी प्या. आणि पुन्हा या खोलीत हात उचललात तर हा टेबल डोक्यात घालीन."

ही बया मला महिनाभरही टिकू देणार नाही, असं मला तेव्हाच वाटलं. संस्थेच्या अध्यक्षांना कैलासपुढे हात जोडावे लागले. कैलास चार माणसं घेऊन येणार अशी बोलवा उठली, म्हणून आमच्या शिपाईण मावशींनी दोन दिवस गेटला आतून कुलूप लावलं. तो आला तो एकटाच, मेथीच्या जुड्या घेऊन. "पोरगं हितंच घालायचं हाय," एवढंच म्हणाला आणि पुढे बाईंचा जो भक्त झाला तो झालाच.

आहेरबाई तापट होत्या असं म्हणणं म्हणजे आमच्याकडच्या तोफखान्याला लवंगी फटाका म्हणण्यासारखं आहे. सटाण्याकडच्या बाई, बांधा आडवा, आवाज खडा. एरवी आपल्यासारखंच बोलायच्या, पण डोकं फिरलं की सरळ अहिराणीवर उतरायच्या. "तुना हात मोडी टाकसू!" ही धमकी मी सुतारापासून शिक्षणखात्यातल्या साहेबापर्यंत सगळ्यांना दिलेली ऐकली आहे. संस्थेने मुलांना बडबडगीतं दाखवायला मोठा टीव्ही दिला, तेव्हा बाईंनी तो तासभर सहन केला आणि मग त्याच्यावर पितळी घंटा फेकून मारली. "हे डबडं पोरांशी बोलतं, पण पोरांचं ऐकत नाही," हे त्यांचं लेखी स्पष्टीकरण. आमच्या कपाटाचं एक दार कायम लोंबकळत असायचं, तेही त्यांच्याच लाथेने. पण एकाही मुलाला त्यांनी कधी बोट लावलेलं मी पाहिलं नाही. वस्तू आणि मोठी माणसं एवढ्यांवरच त्यांचा राग निघायचा.

शनिवारी पालकांचा वर्ग असायचा. मुलांचा नाही, पालकांचा. त्याला दांडी मारली की सोमवारी त्या पालकाची गेटवरच हजेरी निघायची. लष्करातल्या जवानांच्या बायका, लहवित-भगूरकडचे बागायतदार, कॅम्पातले दुकानदार, अंबडच्या कारखान्यांतले नोकरदार, सगळे लहान मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसायचे. त्यांचा एकच प्रश्न असायचा, एबीसीडी कधी? शेजारच्या शाळेतलं पोर शंभरपर्यंत लिहितं, आमचं काय करतं?

"टाळ्या वाजवतं," बाई म्हणायच्या. "डोळे मिटा."

मिशाळ सुभेदारसुद्धा डोळे मिटायचे. मग बाई पडद्याआडून एकेक आवाज करायच्या. किल्ल्यांचा जुडगा, कागद फाडल्याचा, कढईवर झारा आपटल्याचा, डब्यातल्या साबुदाण्याचा आणि मग तुरीच्या डाळीचा. साबुदाणा आणि डाळ यांतला फरक निम्म्या पालकांना सांगता यायचा नाही. "तुमच्या पोराला येतो," बाई म्हणायच्या. "ज्याला डाळ आणि साबुदाणा वेगळा ऐकू येतो, त्यालाच उद्या ड आणि द वेगळा ऐकू येणार. ज्याला ऐकू येतं त्यालाच बोलता येणार, बोलता येतं त्यालाच वाचता येणार. लिहिणं त्याच्यानंतर. आधी कान, मग तोंड, मग डोळे. हात सगळ्यात शेवटी." हे शेवटचं वाक्य म्हणताना त्यांची नजर कैलासवर जायची आणि कैलास गालाला हात लावून सगळ्यांना हसवायचा.

मग शब्दांचे तुकडे. 'भाकरी'ला तीन टाळ्या, 'देवळाली'ला चार. पहिला आवाज ओळखा, शेवटचा ओळखा. इंग्रजीचं घोडं पुढे दामटणाऱ्यांना त्या सांगायच्या, "पोराला 'एस' शिकवू नका. एस हे अक्षराचं नाव झालं. 'स्स्स' शिकवा, तो त्याचा आवाज. नावाने काय होतंय? माझं नाव शांता आहे." यावर कोणी हसायची हिंमत करायचं नाही, आणि मग त्या स्वतःच गडगडून हसायच्या.

मधूनच मैदानाकडून तोफांचा सराव सुरू व्हायचा. खिडक्यांची तावदानं थरथरायची. नवीन आलेली पोरं भोकाड पसरायची, जुनी ढिम्म हलायची नाहीत. बाईंना मात्र आनंद. "बघा, सरकारने फुकट दिलंय. कुठल्या बाजूने आला? लांब की जवळ? मोठा की त्याच्याहून मोठा?" युद्धाच्या सामानावर बालशिक्षण चालवणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही.

या ऐकण्याच्या तासाचा एक किस्सा कॅम्पात अजून सांगतात. मुलं गोलात बसली होती, डोळे मिटून. कोण म्हणालं कावळा, कोण म्हणालं रिक्षा. एक मुलगी म्हणाली, "बाई, कुकर. शिट्टी होत नाहीये, नुसती वाफ." शाळेत कुकर नव्हता. बाईंनी डोळे उघडले. चपलांच्या फळीखाली मनगटाएवढी जाड घोणस वेटोळं घालून फुत्कारत होती आणि सर्वांत जवळच्या पोराचा पाय तिच्यापासून हातभर अंतरावर. मी दारात होते. बाई अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "शाब्बास. आता डोळे मिटलेलेच ठेवायचे, अजून एक आवाज ओळखायचाय. जो उघडेल तो आऊट." आणि कोपऱ्यातली बागेची पहार उचलून त्यांनी ती घोणशीच्या डोक्यावर घातली. पुन्हा घातली. फरशीचा टवका उडाला, साप वळवळत उसळला, बाईंच्या साडीवर रक्ताचा फवारा आला, त्या मारतच राहिल्या. "बाई, खणताय!" एक ओरडला. "नारळ फोडताय!" दुसरा. मेलेला साप त्यांनी पहारीच्या टोकाने बादलीत ढकलला, वर घमेलं पालथं घातलं आणि म्हणाल्या, "उघडा डोळे. नारळच होता. पण नासका निघाला, फेकून देते." मग मागच्या मोरीवर जाऊन त्यांनी हात धुतले. पुढच्या शनिवारी पालकांना घोणस काचेच्या बरणीत दाखवून त्या म्हणाल्या, "एबीसीडी लिहीत बसले असते तर कुकर ऐकू आला नसता."

आता कानाचं. बाईंना डाव्या कानाने शून्य ऐकू यायचं. हे फार लोकांना माहीत नव्हतं, कारण त्या बसायच्याच अशा की माणूस उजवीकडे येईल. मला त्यांनी एकदा डबा खाताना सांगितलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नवऱ्याचे मित्र आले होते, चहात साखर कमी पडली. त्याने मित्रांसमोर हसत हसत उठून एक ठेवून दिली. "कानातून रक्त आलं, पदराला पुसलं आणि दुसरा चहा टाकला," बाई म्हणाल्या आणि लोणच्याची फोड तोंडात टाकली. "नंतर रोजचंच झालं. शेजारी ऐकतील म्हणून पदर तोंडात कोंबायचा. तसं केलं की घशातून एक निराळाच आवाज निघतो, सीमा. गाय व्याताना काढते तसा. तू कधी ऐकला नसशील." शेवटी एकदा त्याच्या हातातलं लाकूड हिसकावून त्यांनी त्याचा पाय मोडला आणि तशाच चालत माहेरी गेल्या. हे सांगताना आवाज जराही हलला नाही.

त्या मेलेल्या कानाचा बाईंनी उपयोग करून घेतला होता. शाळा सुटताना दारात त्या गुडघ्यांवर बसायच्या आणि प्रत्येक मूल जाताजाता त्यांच्या डाव्या कानात एक गुपित सांगायचं. मुलं त्याला गुपितांचा कान म्हणत. कोणी फुसफुस करायचं, कोणी मोठमोठं पुराण लावायचं. बाई मान डोलवायच्या, "बरं" म्हणायच्या आणि कान चिमटीत धरून बंद केल्याचं नाटक करायच्या. मी एकदा म्हटलं, "अहो, ऐकू तर येत नाही, मग कशाला?" तर म्हणाल्या, "ऐकू आलं असतं तर माझ्या तोंडावर दिसलं असतं आणि पोरं गप्प झाली असती. पोरांना दरवेळी ऐकणारा नको असतो गं, नुसता कान हवा असतो. एकदा बोलून मोकळं झालं की झालं." मला ते फार थोर वाटलं होतं. सगळ्यांनाच वाटायचं.

तनू सार्थकनंतरच्या वर्षी आली. मोठे डोळे, नीट विंचरलेल्या दोन वेण्या, बोलायला चुरुचुरु. तिचे पप्पा, पराग, अंबडला एका कारखान्यात सुपरवायझर होते. एकही शनिवार चुकवायचे नाहीत. वहीत लिहून घ्यायचे, शंका विचारायचे, तेही इतक्या मऊ आवाजात की उजव्या कानालासुद्धा बाईंना हात लावावा लागायचा. बाईंनी सांगितलेली ऐकण्याची पेटी त्यांनी अशी सुबक करून आणली, एकसारख्या बाटल्या, त्यांत मूग, टाचण्या, वाळू, मणी, की बाईंनी ती सगळ्यांसमोर उंच धरली. "याला म्हणतात बाप! कैलासभाऊ, बघून घ्या." तनूची आई कधी आली नाही. "वर्षाची तब्येत जरा नाजूक आहे मॅम," पराग म्हणायचे आणि बाया हळहळायच्या. आमच्या नवऱ्यांना मुलांची इयत्ता माहीत नसते आणि हिचा नवरा बघा, असं मीही घरी जाऊन नवऱ्याला ऐकवलं होतं.

गुपितांच्या कानाशी सर्वांत जास्त वेळ तनू थांबायची. मागची पोरं ढकलायची, तरी तिचं संपायचं नाही. बाई मान डोलवायच्या. "बरं."

मग तो शनिवार आला. त्या दिवशी पालक आणि मुलं दोन्ही होती, खेळ होता घराच्या आवाजांचा. खोलीत आडवी साडी बांधून पडदा केला होता. अलीकडे पालक डोळे मिटून, पलीकडे एकेक मूल आपल्या घरातला आवाज काढणार आणि मोठ्यांनी ओळखायचं. पडद्यामागे मुलांना मदत करायला मी होते. सार्थकने टेम्पोचा हॉर्न आणि बापाचं घोरणं काढलं, तेव्हा लोक हसून हसून खुर्च्यांवरून घसरले. हवालदारीण सुनीताच्या मुलीने कुकरची शिट्टी काढली. मग तनू आली.

तिने आधी कपाटाची कडी सरकवली. खट्. मग तोंडाने टीव्हीवरच्या मालिकेची धून सुरू केली, हळू, मग मोठी, मग आणखी मोठी. मी कौतुकाने बघत होते. मग तिने आपल्या गणवेशाचा पट्टा सोडला, झोपायच्या गादीवर उशी ठेवली आणि पट्टा दोन्ही हातांनी डोक्यावर नेऊन उशीवर आणला. थप. थप. थप. चेहरा तिचा खेळात रमलेल्या पोराचा होता, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरलेली.

"भाकरी!" पलीकडून कोणीतरी ओरडलं. "थापतायत!"

"धुणं हो, धुणं!"

"गादी झटकतात," परागचा मऊ आवाज आला. "आमच्याकडे रविवारी झटकतो आम्ही."

तनूने फ्रॉकचं टोक तोंडात कोंबलं आणि घशातून एक आवाज काढला. पडद्यापलीकडचं हसणं बंद पडलं. मी तो आवाज कधी ऐकला नव्हता, तरी मला ओळखता आला.

"हरले, हरले! सगळे हरले!" तनू फ्रॉक सोडून टाळ्या पिटत ओरडली. "आई आहे ती! आई ओढणी तोंडात धरते ना, तसं!"

लांब मैदानावर तोफ उडाली आणि तावदानं खुळखुळली. मी पडदा बाजूला केला. पराग हसत उभे राहत होते. "टीव्हीवर काय काय बघते हो ही. चल तनू, उशीर होतोय." आहेरबाई खुर्चीतच होत्या. त्यांचा हात हळूहळू वर गेला आणि डाव्या कानावर थांबला.

"तनू," त्या म्हणाल्या, "हे तू मला सांगितलं होतंस?"

"हो. रोज. गुपिताच्या कानात."

"आणि मी काय म्हणाले?"

"बरं म्हणालात."

तोवर मी बाईंना फुटताना पाहिलं नव्हतं. तेव्हाही त्या रडल्या नाहीत. चेहरा फक्त राखेसारखा झाला. मग त्या उठल्या. "कैलासभाऊ, गेट लावा. हा माणूस बाहेर जाता कामा नये. सीमा, पोर तुझ्याकडे. सुनीता, स्कूटी काढ." कोपऱ्यातली पहार त्यांनी उचलली आणि चालत्या झाल्या.

पुढचं मी जसं घडलं तसं सांगते. पराग आधी शांतच होते. मॅम आल्या की बोलू, म्हणाले. मग गेटपाशी गेले. कैलास कुलपापुढे छाती काढून उभा होता. "बाई येऊ द्या." मग ते परत आले, माझ्या मांडीवरच्या तनूचा दंड धरला आणि ओढला. मी सोडेना. तेव्हा त्या मऊ आवाजाच्या माणसाने माझ्या तोंडावर मूठ मारली. दात तुटल्याचं मला कळलं ते तो जिभेवर आला म्हणून. "माझी पोरगी आहे, सोड रांडे!" हा आवाज त्याचाच होता आणि तो कानाला हात लावल्याशिवाय सगळ्यांना ऐकू आला. कैलासने मागून येऊन त्याची मान धरली आणि तोंडावर पाडलं. मग बाकीचे पुरुष धावले. घटकेपूर्वी भाकरी, धुणं, गादी ओरडणारी हीच माणसं. बुटक्या खुर्च्यांनी मारलं त्याला. लाथांनी मारलं. मुळाक्षरांच्या चटईवर रक्त सांडलं. त्याला वाचवावं असं मला वाटलं नाही, हे मी स्पष्टच सांगते. पण पोरं बघत होती. मी तोंडातलं रक्त गिळत ओरडले, तेव्हा बायांनी मुलांना पडद्यामागे नेलं. पडद्यामागून आवाज थांबत नाहीत, हे तर आम्हीच त्यांना शिकवलं होतं.

बाई परतल्या त्या पोलिसांच्या जीपमधून. फ्लॅटला बाहेरून कुलूप होतं. पहारीने त्यांनी कोयंडा उपटून काढला होता. वर्षा स्वयंपाकघरात ओट्याखाली अंग चोरून पडलेली सापडली, जबडा हललेला, बरगड्या मोडलेल्या, डाव्या कानातून आलेलं रक्त मानेवर वाळलेलं. शेजारणीने बाईंना सांगितलं, टीव्ही फार मोठ्याने लावतात हो ही माणसं. सुनीता वर्षाला घेऊन हॉस्पिटलात गेली होती.

कैलासने परागला भिंतीशी दाबून धरला होता. "हाणा बाई. म्या धरलाय. हाणा एक."

बाईंचा हात वर गेला. मी तो हात ओळखत होते. टीव्ही फोडणारा, कपाट मोडणारा, घोणस ठेचणारा. सगळी खोली त्या हाताची वाट बघत होती, पोलीससुद्धा दुसरीकडे बघायला लागला. तेवढ्यात बाईंची नजर पडद्याकडे गेली. तनू पडद्याबाहेर येऊन उभी होती. डोळे घट्ट मिटलेले आणि दोन्ही तळहात कानांवर.

हात खाली आला. बाई परागच्या बाजूने तशाच पुढे गेल्या, तनूसमोर गुडघ्यांवर बसल्या आणि मान वळवून त्यांनी उजवा कान पुढे केला. "या कानात सांग, तनू. हा ऐकतो."

तनूने कानावरचे हात काढले नाहीत.

"पोर रोज सांगे," बाई कोणाला तरी म्हणाल्या, कदाचित मलाच, "अन् माले आयकू नही उनं."

त्या दिवसापासून तनू बोलली नाही. एक शब्द नाही. वर्षा हॉस्पिटलातून सुटली तेव्हा जायला दुसरी जागा नव्हती, बाई मायलेकींना आपल्या दोन खोल्यांत घेऊन आल्या. पराग जामिनावर सुटून एकदा दारात आला होता. बाई पहार घेऊन उंबऱ्यात बसल्या, दुपार टळेपर्यंत. पुन्हा तो तिकडे फिरकला नाही. संस्थेने बाईंना बोलावून घेतलं. सगळं बरोबर आहे बाई, पण पालकाला कोंडणं, शाळेत मारामारी, वर्तमानपत्रं, तेव्हा दिलगिरीचे दोन शब्द. "दिलगीर मी आहेच," बाई म्हणाल्या. "पण त्या पोरीजवळ. तुमच्याजवळ नाही." आणि नोकरी सोडली. गुपितांचा कान त्यांनी त्या शनिवारीच बंद केला होता. मुलं सवयीने डावीकडे यायची, बाई त्यांना खांदे धरून उजवीकडे फिरवायच्या.

त्यांच्या घरी मी जायचे, तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. बायका पायरीवर बसतात त्या शेजारी शेजारी बसतात. या दोघी समोरासमोर बसायच्या, गुडघ्याला गुडघा लावून. वर्षाचाही डावाच कान गेला होता. उजव्या हाताने मारणारा माणूस समोर उभा राहिला की त्याची झापड डावीकडेच पडते. शेजारी बसलं तर दोघींपैकी एकीला ऐकू येत नसे. वर्षा पोळीभाजी केंद्रावर भाकऱ्या थापायला जायला लागली, उरलेल्या पिठाच्या घरी थापायची. तनू परातीजवळ बसून बघायची. गप्प. पहिल्या पहिल्यांदा थापेच्या आवाजाला ती दचकायची. डॉक्टर म्हणाले, वाट बघा. बाईंनी आपले सगळे खेळ करून पाहिले, डाळ, साबुदाणा, टाळ्या. नंतर तेही सोडून दिलं आणि तिच्या उजवीकडे नुसत्या बसून राहायला लागल्या. बाई आणि गप्प बसणं! इतकं मोठं प्रायश्चित्त मी कोणाला घेताना पाहिलेलं नाही.

शेवटी बाईंना भावाने गावी बोलावलं. गावातल्या पोरांना गोळा करून वर्ग घ्यायचा असं बाईंनी ठरवलं. खोल्या त्यांनी वर्षाच्या नावे करून दिल्या. आम्ही नाशकाला स्टँडवर पोचवायला गेलो, मी, वर्षा, तनू, आणि कैलास, तोच टेम्पोतून सामान घेऊन आला होता. सटाण्याची गाडी लागली. बाई खिडकीशी बसल्या, खिडकीकडे उजवा कान येईल अशा बाजूला, ती जागा सोडत नाही म्हणणाऱ्या एका माणसाशी भांडून. मग मला म्हणाल्या, "दात बसवून घे गं, फार भयानक दिसतेस."

तेवढ्यात तनूने कैलासच्या शर्टाची बाही ओढली आणि वर बोट केलं. त्याने तिला उचलून खिडकीशी धरलं. तिने दोन्ही हातांनी बाईंचं डोकं पकडलं, उजवा कान आपल्याकडे ओढला आणि तोंड लावलं. तिचे ओठ हलताना मी पाहिले. वर्षाने माझा हात इतका जोरात दाबला की माझ्या बांगड्या रुतल्या.

बाईंच्या तोंडावर सगळं दिसलं. लपवायला तो डावा कान नव्हता.

"काय म्हणाली?" मी ओरडले. "बाई, काय म्हणाली?"

"म्हणते," बाई खिडकीतून वाकून म्हणाल्या, "म्हणते, बाई, आता आमच्या घरी थप थप म्हणजे भाकरीच."

आणि मग ती बाई रडायला लागली. पण आहेरबाईच त्या, रडायचं म्हणजेही त्यांना कशावर तरी हाणल्याशिवाय जमेना. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि एसटीच्या पत्र्यावर धाडकन आपटला, पुन्हा आपटला. ड्रायव्हरला वाटलं, सगळे बसले, कोणी गाडी सोडायला सांगतंय. त्याने गिअर टाकला. आम्ही गाडीबरोबर धावत "अहो थांबा, थांबा" ओरडत होतो, आणि गाडी फाटकातून वळून दिसेनाशी होईपर्यंत तो हात पत्र्यावर वाजतच होता.